सेटवर शार्प, एडिटला सॉफ्ट: जुन्या मॅन्युअल लेन्सचा फोकस नक्की कुठे सुटतो?

कॅमेऱ्याच्या तीन इंची स्क्रीनवर शॉट झकास दिसतो, दिग्दर्शक ओके म्हणतो, लोकेशन सोडलं जातं. रात्री क्लिप लॅपटॉपवर उघडली की कळतं, नटीचे डोळे मऊ आहेत आणि तिच्या मागच्या खिडकीची जाळी मात्र खणखणीत शार्प. स्वतःच्या खिशातून शॉर्टफिल्म करणाऱ्या बहुतेक युनिट्सना हे दुखणं दर शूटला होतं. मग कुणीतरी म्हणतं, लेन्सच बेकार आहे, नवी घेऊ.

थांबा. लेन्स बेकार असण्याची शक्यता या यादीत बरीच खाली येते. मिररलेस बॉडी, त्यावर साधा ॲडॉप्टर (लेन्स नि कॅमेरा जोडणारी धातूची कडी) आणि पुढे एम४२, निकॉन एफ किंवा कॅनन एफडी माउंटची, म्हणजे जोडणीची, जुनी लेन्स, असा संच असेल तर फोकस सुटायला अनेक जागा आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा दुरुस्त्या शंभर-दोनशे रुपयांच्या आत होतात. फक्त नेमकं कुठे बिघडलंय ते आधी कळायला हवं. ते क्लिपच सांगते.

आधी बिघडलेली क्लिप नीट बघा

टाइमलाइनवर क्लिप थांबवून २०० टक्के मोठी करा आणि डोळ्यांकडे बघणं सोडून द्या. फ्रेममध्ये दुसरं काही शार्प आहे का ते शोधा. नटाच्या पुढची टेबलाची कड किंवा मागची भिंत शार्प असेल तर लेन्स उत्तम चालतेय, फोकसची पातळी चुकीच्या जागी पडलीय. हा माणसाचा किंवा ॲडॉप्टरचा प्रश्न.

स्थिर वस्तू शार्प आणि हलणारा हातच तेवढा फरफटलेला असेल, तर तो फोकस नाही, शटर आहे. २५ फ्रेमला १/५० शटर ठेवायचं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने १/५० आणि १/१०० या दोन्हींवर ट्यूबलाइट नि बल्बचे पट्टेही सहसा येत नाहीत. शटर ऑटोवर राहिलं तर रात्रीच्या सीनला कॅमेरा ते गुपचूप १/२५ वर आणतो, आणि सगळे फोकस पुलरला, म्हणजे शॉटमध्ये फोकस ओढणाऱ्याला, शिव्या घालत बसतात.

डावी बाजू मऊ आणि उजवी शार्प, आणि हे प्रत्येक शॉटला त्याच बाजूला, असं असेल तर ॲडॉप्टर तिरका बसतोय किंवा लेन्समधली एखादी काच सरकलीय. ॲडॉप्टर बदलून बघितला की दोन मिनिटांत निकाल लागतो. आणि फ्रेममध्ये कुठेच काही शार्प नाही, काळे केससुद्धा राखाडी दिसताहेत, असं असेल तर फोकसचा विचार सोडा आणि खाली बुरशीच्या भागाकडे जा.

ॲडॉप्टर: ज्याच्याकडे कुणी बघत नाही

प्रत्येक माउंटला एक ठरलेलं अंतर असतं: लेन्स जिथे टेकते त्या धातूच्या कडीपासून सेन्सरपर्यंतचं. फ्लँज डिस्टन्स म्हणतात त्याला. एम४२ चं ४५.४६ मिमी, निकॉन एफचं ४६.५, कॅनन ईएफचं ४४, कॅनन एफडीचं ४२. मिररलेसमध्ये आरसा नसल्याने हे अंतर खूप कमी असतं. सोनी ई माउंटचं १८, कॅनन आरएफचं २०, निकॉन झेडचं १६ मिमी. ॲडॉप्टरचं काम एवढंच की उरलेली जागा भरून काढायची. एम४२ लेन्स सोनीवर लावायची तर ॲडॉप्टर बरोबर २७.४६ मिमी जाड हवा.

हा 'बरोबर' शब्द स्वस्त ॲडॉप्टर बनवणारे फार मनावर घेत नाहीत. फरक किती पडतो ते बघा. ॲडॉप्टर ०.१ मिमी जास्त जाड निघाला, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढा, तर ५८ मिमी लेन्स इन्फिनिटीला (रिंगच्या सगळ्यात दूरच्या टोकाला) लावूनही साधारण ३३ मीटरच्या पलीकडे फोकस जात नाही. २८ मिमी वाइड लेन्सला तोच ०.१ मिमी ८ मीटरच्या आतच अडवून ठेवतो. गणित सोपं आहे: फोकल लेंग्थचा वर्ग भागिले जाडीतली चूक. म्हणून एकाच ॲडॉप्टरवर '१३५ मस्त चालते, २८ मात्र भंगार आहे' असं वाटतं. २८ चांगलीच असते. वाइड लेन्सला ॲडॉप्टरची चूक जास्त झोंबते, एवढंच.

हे होऊ नये म्हणून बरेच उत्पादक ॲडॉप्टर मुद्दाम किंचित पातळ ठेवतात. मग लेन्स इन्फिनिटीच्या पुढे जाते. चित्र शार्प मिळतं, पण रिंगवर कोरलेले अंतराचे आकडे खोटे पडतात. रिंग ३ मीटरवर आणि फोकस भलतीकडेच. आकड्यांवर विसंबून पुल केला तर फसणारच.

तपासायची रीत: कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, लेन्स पूर्ण उघडी (एफचा आकडा सगळ्यात लहान), रिंग इन्फिनिटीच्या टोकाला. किलोमीटरभर लांबचा मोबाइल टॉवर किंवा चंद्र पूर्ण मॅग्निफाय करून बघा. टोकाला गेल्यावरही तो मऊच असेल आणि रिंग अजून फिरावी असं वाटत असेल, तर ॲडॉप्टर जाड. टोकाच्या जरा आधीच शार्प होऊन पुढे पुन्हा मऊ झाला, तर ॲडॉप्टर पातळ. लेन्स पूर्ण उघडी ठेवणं महत्त्वाचं, कारण एफ ८ वर सगळंच चांगलं दिसतं आणि चूक झाकली जाते.

पातळ ॲडॉप्टर घरी दुरुस्त होतो. बहुतेक ॲडॉप्टरचे दोन भाग असतात. कॅमेऱ्याकडची चकती चार स्क्रूंनी आतल्या नळीला बसवलेली असते. बारीक स्क्रू-ड्रायव्हरने ते चार काढा. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पातळ शीटची त्याच व्यासाची कडी कापा, स्क्रूंच्या जागी भोकं पाडा, दोन भागांमध्ये ठेवा, स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे आवळा. एकच बाजू आधी घट्ट केली तर चकती तिरकी बसते आणि मघाचा डाव्या-उजव्या बाजूचा रोग आपणच तयार करतो. पुन्हा टॉवर बघा. अजून पुढे जातोय? आणखी एक कडी. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल काहीजण वापरतात, जाडी अगदी बारीक बारीक वाढवता येते म्हणून. पण तिचा कपटा सुटून सेन्सरवर पडला तर काय, या विचाराने मी तिच्या वाटेला जात नाही.

जाड ॲडॉप्टरला घासकाम लागतं. ते घरी पॉलिश पेपरवर करू नका, सपाटपणा जातो. दुसरा ॲडॉप्टर घ्या. किंवा लेन्सकडून दुरुस्ती करा: बऱ्याच जुन्या लेन्सच्या फोकस रिंगवर तीन अगदी बारीक स्क्रू असतात, ते सैल केले की रिंग आतल्या चुड्यांपासून (आट्यांपासून) सुटी फिरते आणि इन्फिनिटीची जागा नव्याने बांधता येते. हेलिओस ४४-२ सारख्या ५८ मिमीच्या सोव्हिएत लेन्सला ही सोय आहे. मात्र मग ती लेन्स त्या एकाच ॲडॉप्टरची होऊन जाते.

एक वेगळं दुखणं म्हणजे खेळ. रिंग फिरवताना लेन्स किंचित डुगडुगते आणि फ्रेम 'टक' करून सरकते. ॲडॉप्टरच्या मागच्या बाजूच्या पात्या थोड्या वाकवून सैलपणा कमी होतो, पण हे सांभाळून. ५०० ग्रॅमच्या पुढची लेन्स असेल तर १५ मिमी रॉडवर लेन्सखाली आधार द्या. रॉड नसतील तर रबराचा तुकडा नि केबल टाय. दिसायला गबाळं, पण फ्रेम हलत नाही.

डीएसएलआर निकॉनवर एम४२ लावणाऱ्यांसाठी

घरात जुना निकॉन डीएसएलआर आहे, त्यावरच हेलिओस लावू, हा बेत अनेकांचा असतो. गणित जमत नाही. निकॉनचं अंतर ४६.५, एम४२ चं ४५.४६; म्हणजे ॲडॉप्टरची जाडी शून्य धरली तरी लेन्स १.०४ मिमी पुढेच राहते. ५८ मिमी लेन्सचा फोकस सव्वातीन मीटरच्या पलीकडे जाणारच नाही, आणि खऱ्या ॲडॉप्टरला काहीतरी जाडी असतेच. क्लोजअप मिळतील, लाँग शॉट विसरा. मध्ये काच असलेला ॲडॉप्टर मिळतो, तो इन्फिनिटी देतो. पण लेन्स पूर्ण उघडी असताना ती स्वस्तातली काच चित्राचा पार लगदा करते. कॅनन ईएफवर एफडी लावणाऱ्यांचंही हेच. उलट निकॉनच्या लेन्स कॅननच्या डीएसएलआरवर सुखाने नांदतात, तिथे अडीच मिमी जागा शिल्लक आहे.

ॲपर्चर रिंग फिरतेय, पण काही बदलत नाही

जपानी एम४२ लेन्समध्ये मागे एक पिन असते. जुन्या फिल्म कॅमेऱ्यात शटर दाबलं की ती पिन आत ढकलली जायची आणि तेव्हाच ॲपर्चरची पाती मिटायची. मिररलेसवर तिला ढकलणारं कुणी नाही. लेन्सवर 'ए' आणि 'एम' असा खटका असेल तर 'एम'वर टाका, संपला विषय. खटका नसेल तर आतून कड असलेला ॲडॉप्टर घ्या. लेन्स पूर्ण आवळली की ती कड पिन दाबून ठेवते. ज्यांची लेन्स कायम एफ १.८ वरच अडकलेली असते आणि 'डेप्थ (शार्प दिसणारा पट्टा) फारच कमी येतेय' अशी तक्रार असते, त्यांनी आधी हे बघावं. लेन्समध्ये समोरून डोकावलं तरी पाती मिटताहेत की नाही ते कळतं.

आता खरा गुन्हेगार

ॲडॉप्टर बरोबर, पाती बरोबर, तरी डोळे मऊ. मग नट चालतोय आणि आपण एफ २ वर शूट करतोय, एवढंच उरतं.

आकडे बघितले की डोळे उघडतात. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर, ५८ मिमी लेन्स, नट २ मीटरवर. एफ २ ला जवळपास साडेनऊ सेंटिमीटरचा पट्टा शार्प मिळतो. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतर त्याहून जास्त भरतं. नट १ मीटरवर आला की पट्टा अडीच सेंटिमीटरहूनही कमी. त्याने खुर्चीत श्वास घेतला तरी डोळा बाहेर जातो. एफ ४ केलं तर दोन्ही आकडे दुप्पट.

मागचं सगळं विरघळलेलं दिसलं की 'सिनेमॅटिक' झालं, हा समज शॉर्टफिल्मवाल्यांमध्ये फार बोकाळलाय. आठ-दहा मिनिटांच्या गोष्टीत ज्या वाड्यात शूट केलं तो वाडाच दिसू नये, हा काय हट्ट? माझं मत विचाराल तर संवादाचे सीन एफ ४ वर करा. मागचं पुरेसं मऊ होतं, नटाला मान हलवायची मोकळीक मिळते आणि जुन्या लेन्सही त्या आकड्यावर जास्त खणखणीत असतात. उजेड कमी पडेल, तर दोन स्टॉप भरून काढायला एलईडी पॅनल आणि थर्मोकोल पुरे. नवी लेन्स घेण्यापेक्षा ते स्वस्तच पडतं. बाहेर उन्हात उलट अडचण: १/५० शटरला एफ ४ ठेवायचं तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, लागतोच. फिरता एनडी वाइड लेन्सवर शेवटपर्यंत फिरवू नका, आकाशात काळी फुली उमटते.

तरीही काही शॉट उघड्या लेन्सवरच हवे असतात. अशा वेळी पुल आधी बसवून घ्यायचा. समजा चाळीच्या गॅलरीत नट जिन्याच्या टोकापासून कॅमेऱ्याकडे चालत येतो, मध्ये कठड्याशी रेंगाळतो आणि शेवटी अगदी जवळ येऊन थांबतो. ५८ मिमी, एफ २.८.

कॅमेऱ्याच्या अंगावर एक गोल आणि त्यातून आरपार गेलेली रेघ असं चिन्ह असतं. तिथे आत सेन्सर आहे. शिंप्याची नाही, सुताराची टेप घ्या आणि तिथून मोजा. लेन्सच्या टोकापासून मोजायचं नाही. जिना ४ मीटर, कठडा अडीच, शेवटचा थांबा १.२ मीटर. जमिनीवर खडूच्या खुणा करा. फ्रेममध्ये जमीन दिसत असेल तर खुणेच्या जागी खडा किंवा चपलेची जोडी ठेवा. आता नटाला एकेका खुणेवर उभं करा, मॅग्निफाय करून डोळ्यावर फोकस लावा आणि लेन्सच्या रिंगवर चिकटवलेल्या पांढऱ्या टेपच्या पट्टीवर पेन्सिलने १, २, ३ लिहा. रिंगवरचे कोरीव आकडे वाचायचेच नाहीत. ॲडॉप्टर पातळ असेल तर ते खोटे आहेत हे वर आलंच.

या शॉटमध्ये चूक पचवायची जागा कशी आकसते बघा: ४ मीटरवर अर्धा मीटर, कठड्याशी साधारण २० सेंटिमीटर, शेवटच्या थांब्याला जेमतेम ५. म्हणजे पहिल्या दोन खुणा अंदाजाने मारल्या तरी चालतात, सगळं लक्ष तिसऱ्या खुणेवर. म्हणून फोकस ओढणाऱ्याने स्क्रीन नाही, नटाचे पाय बघावेत. स्क्रीनवर मऊ दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि जुन्या लेन्सच्या चुड्यांत थोडी ढिलाई असते, त्यामुळे खूण करताना रिंग ज्या दिशेने फिरवत आणली, टेकच्या वेळी त्याच दिशेने तिथे पोचायचं. रिहर्सल दोनदा, चालण्याच्या खऱ्या वेगात. नट रिहर्सलला सावकाश चालतो आणि टेकला भराभर, हे सगळीकडे सारखंच.

साधी ०.८ मॉड्यूलची रबरी गिअर रिंग लेन्सवर चढवली की फॉलो फोकसला (बाजूच्या चाकाने रिंग फिरवणाऱ्या साधनाला) सोय होते. सिनेमा लेन्सच्या दातांचं मापही तेच असतं. बजेट नसेल तर रिंगवर आवळलेला प्लॅस्टिकचा पट्टा नि त्याला एक दांडी, तेही चालतं.

पीकिंग, म्हणजे शार्प कडा स्क्रीनवर रंगवून दाखवणारी कॅमेऱ्यातली सोय, तिच्याबद्दल सावध. पीकिंग फोकस दाखवत नाही, ते कडांमधला तीव्र फरक दाखवतं. साडीचा जरीकाठ फोकसपासून बराच सुटलेला असला तरी लालेलाल चमकतो आणि शेजारचा गुळगुळीत गाल बरोबर फोकसमध्ये असूनही कोरा राहतो. काजळ घातलेला डोळा, भुवई, चष्म्याची कड, दाढीचे खुंट, यावर भरवसा ठेवा. पीकिंगची पातळी 'लो'वर ठेवा; 'हाय'वर सगळंच पेटतं. काही बॉडींत रेकॉर्डिंग चालू असताना मॅग्निफाय बंद होतं, तेव्हा ते टेकच्या आधीच उरकायचं. ज्या आकड्यावर शूट करणार त्याच आकड्यावर फोकस लावा. काही वेगवान जुन्या लेन्समध्ये पाती मिटवली की फोकसची पातळी किंचित सरकते.

ही खुणांची पद्धत नव्या ऑटोफोकस लेन्सवर करून बघणाऱ्यांची चिडचिड होते. त्यांची रिंग मोटरला नुसता इशारा देते. भराभर फिरवली की जास्त सरकते, हळू फिरवली की कमी. पेन्सिलची खूण तिथे टिकत नाही. काही बॉडींच्या मेनूत हे 'लीनिअर' करायची सोय असते, ती शोधा.

किट झूमची जुनी फसवणूक

झूम करून डोळ्यावर फोकस लावायचा आणि मग मागे येऊन वाइड घ्यायचा, ही युक्ती व्हिडिओ कॅमेरावाल्या लग्नाच्या शूटिंगमधून आली. तिथल्या झूम लेन्सचा फोकस झूम बदलला तरी जागेवर राहतो. १८-५५ सारख्या स्टिल कॅमेऱ्याच्या बहुतेक झूमला ते जमत नाही, त्या तशा बनवलेल्याच नसतात. ५५ वर लावलेला फोकस १८ वर सुटलेला असू शकतो. फ्रेम आधी ठरवा, मग त्याच फ्रेमवर फोकस. शॉट चालू असताना झूम तर नकोच.

सगळंच मऊ: बुरशी, धुरकट काच आणि दव

जुनी लेन्स चोर बाजारातून घ्या की ऑनलाइन, घेताना मोबाइलचा टॉर्च मागून मारून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. सगळीकडे सारखा दुधाळ थर म्हणजे धुरकटपणा, बहुधा जुन्या ग्रीसची वाफ काचेवर बसलेली. धुळीचे चार कण असतील तर सोडून द्या, चित्रात दिसत नाहीत. कोपऱ्यातला बुरशीचा छोटा ठिपकाही सहसा दिसत नाही, पण समोर खिडकी किंवा बल्ब आला की काँट्रास्ट ढासळतो. दुधाळ थर मात्र प्रत्येक शॉट खातो. अशी लेन्स स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नका, उघडून साफ करण्याची मजुरी तिच्या किमतीला जाऊन भिडते.

कोकण, गोवा, मुंबई इथल्या पावसाळ्यात चांगल्या लेन्सलाही बुरशी धरते. हवेतला दमटपणा ६०-६५ टक्क्यांच्या वर सतत राहिला की ती फोफावते. ४० ते ५० च्या दरम्यान ठेवला की लेन्स सुखात. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर धान्याचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि दमटपणा दाखवणारं छोटं मीटर. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरा. चामड्याच्या मूळ केसमध्ये लेन्स ठेवू नका, ती केस ओल धरून ठेवते. कपाटात डांबराच्या गोळ्यांशेजारीही नको. कॅमेरा कंपन्या स्वतःच त्यापासून लांब ठेवायला सांगतात.

दवाचा त्रास तात्पुरता असतो, पण सकाळचा पहिला सीन हमखास घालवतो. रात्रभर एसीच्या खोलीत राहिलेला कॅमेरा बाहेरच्या दमट हवेत काढला की काच धुरकटते. पुसून उपयोग नाही, पुन्हा येतं, आणि आतल्या काचेवर आलं असेल तर हातही पोचत नाही. खोलीतून निघतानाच बॅग बंद ठेवा, लोकेशनवर पोचल्यावर अर्धा तास तशीच राहू द्या, तोवर लाइट लावून घ्या. आधी झिपच्या पिशवीत लेन्स घालून मग बाहेर काढलं तर दव पिशवीवर बसतं. आणि तोंडाची वाफ मारून बनियनच्या टोकाने काच पुसणारा युनिटमध्ये एकजण असतोच. त्याच्या हातात ब्लोअर द्या.

शार्प आहे, पण थरथरतंय

फोकस बरोबर असूनही चित्र जेलीसारखं हलत असेल तर बॉडीतलं स्टॅबिलायझेशन तपासा. साध्या ॲडॉप्टरमधून कॅमेऱ्याला लेन्सची काहीच माहिती मिळत नाही, त्यामुळे फोकल लेंग्थ मेनूत हाताने भरावी लागते. मागच्या शॉटला १३५ भरली आणि आता २८ लावली, आकडा तसाच राहिला, तर सेन्सर नको तितका भरपाई करत राहतो. लेन्स बदलली की आकडा बदला. ट्रायपॉडवर असाल तर स्टॅबिलायझेशन बंदच करा. फोकल रेड्यूसर (फोकल लेंग्थ कमी करणारा, काच असलेला ॲडॉप्टर) लावला असेल, समजा ०.७१ चा, तर ५८ ऐवजी ४१ भरायचं. फोकसचाच घोळ असेल तर रेड्यूसरमधली काच फिरवून इन्फिनिटी बसवता येते का ते बघा. बऱ्याच रेड्यूसरमध्ये ती चुड्यांवर बसवलेली असते आणि एका बारीक स्क्रूने अडकवलेली. स्क्रू सैल करा, काच पाव वेढा फिरवा, टॉवर बघा, पुन्हा आवळा.